तीनशे बारा टोमॅटोंची ज्येष्ठता यादी

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या फाल्गुनात, भोपाळच्या टेकडीवरील सरकारी क्वार्टर नंबर सतराच्या मागील अंगणात तीनशे बारा टोमॅटो लागले आणि एकेक करून लाल होऊ लागले. या घटनेची पूर्वसूचना कोणत्याही खात्यास देण्यात आलेली नव्हती.

क्वार्टर नीळकंठराव पिंपळखुट्यांचे. चार महिन्यांपूर्वी राज्यांची नव्याने मांडणी झाली, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि तिच्यामागून फायली, टेबलं, खुर्च्या व कारकून अशा क्रमाने सरकारी सामान आले. त्यातच नीळकंठराव होते. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई मात्र सामानाच्या यादीत नसलेली एक वस्तू घेऊन आल्या होत्या. पदराच्या गाठीत, राखेत घोळलेलं टोमॅटोचं बी.

वसाहतीतल्या मराठी मंडळींची भोपाळातली ही पहिली रामनवमी. कीर्तनाला नागपूरहून बुवा येणार होते आणि दशमीच्या पारण्याच्या पंगतीला, सव्वाशे-दीडशे पानांना, सार आपल्याकडून असा शब्द लीलावतीबाईंनी देऊन टाकला होता. चार महिने झाले तरी नागपूरवाले, तसेच बदलून आलेल्या ग्वाल्हेरवाल्यांकडे विरजणसुद्धा मागत नव्हते. ही माणसं एका पंगतीत जेवल्याशिवाय शेजारी व्हायची नाहीत, असं त्यांचं मत होतं. रामनवमी पंधरा दिवसांवर होती. ऊन मात्र तितकं थांबायला तयार नव्हतं. रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती.

“पिकले तेवढे काढून घेते,” त्या टोपली घेऊन निघाल्या.

“थांबा!” नीळकंठराव म्हणाले. “कलम अकरा.”

“कोणाचं?”

“क्वार्टरच्या वाटपपत्राचं. ‘आवारातील कोणतेही उत्पन्न पूर्वपरवानगीवाचून काढून नेऊ नये.’”

“अहो, ते आंब्या-सागाच्या झाडांसाठी असंल. आणि मी काढून कुठं नेऊन राहिले? मागच्या दारातून चुलीवर.”

“नेणं ते नेणंच.”

नीळकंठरावांच्या सचोटीबद्दल दुमत नव्हते. बावीस वर्षांत कचेरीची टाचणी त्यांनी घरी आणली नव्हती. एक चुकून बंडीच्या खिशातून आली, ती दुसऱ्या दिवशी आवक-नोंद करून परत केली होती. त्यांनी अर्ज केला. अर्ज तीन टेबलं वर चढला, साहेबांनी त्यावर ‘तपासून सादर करा’ असे लिहिले, आणि तो तीन टेबलं खाली उतरून संबंधित कारकुनाकडे आला. क्वार्टरविषयक प्रकरणांचे संबंधित कारकून नीळकंठरावच होते.

आपला म्हणून अर्ज सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी शेरा मारला: ‘अर्जदाराने मूळ राज्य नमूद केलेले नाही. अर्जदाराचे नव्हे, टोमॅटोचे.’ आणि खुलासा मागवणारे पत्र क्वार्टर नंबर सतराच्या पत्त्यावर रवाना केले.

तिसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले. वाचून नीळकंठराव संतापले. “काय हा अडेलपणा! कोण कारकून आहे हा?”

“सही तुमचीच आहे,” लीलावतीबाई म्हणाल्या.

“ती कचेरीतली आहे,” नीळकंठराव म्हणाले आणि खुलासा लिहायला बसले.

प्रकरण साधे नव्हते. जमीन जुन्या भोपाळ राज्याची. बी नागपूरचे. शेण शेजारच्या क्वार्टर सोळामधले नरहरराव मोघे यांच्या गाईचे, आणि गाय रेल्वेने ग्वाल्हेरहून आलेली. नरहरराव हे नीळकंठरावांचे कचेरीतले वरिष्ठ. वरिष्ठ की नाही, याचाच निकाल लागायचा होता. ग्वाल्हेरची ज्येष्ठता यादी त्यांना वर दाखवी, नागपूरची खाली.

“पाहा पिंपळखुटे,” नरहरराव पान लावता लावता म्हणाले, “आमचं शेण पडलं तेव्हा कुठे तुमच्या बियाला जान आली. मतलब, या टोमॅटोंची नोकरी ग्वाल्हेरपासून धरायला हवी.”

“बी आधी, शेण मागून,” नीळकंठराव ताठपणे म्हणाले. “नागपूरची सेवा सलग आहे.”

“मग ज्येष्ठता यादी बनवा की! त्याखेरीज कोणता आधी तोडायचा, हे ठरणार कसं?”

ही सूचना थट्टेने केली होती की गंभीरपणे, हे नरहररावांनाही सांगता आले नसते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर साहेबांची सही होती.

यादी तयार झाली. लाल होण्याची तारीख हाच सेवाप्रवेशाचा दिवस मानण्यात आला. प्रत्येक टोमॅटोच्या देठाला सुतळीने क्रमांकाची चिठ्ठी बांधण्यात आली. निम्मे लाल, निम्मे हिरवे असलेले बत्तीस ‘स्थानापन्न’, म्हणजे अजून कायम न झालेले, ठरले. यादी कच्ची असल्याने तिच्यावर हरकती मागवण्यात आल्या. मुदत तीस दिवस. तोवर जैसे थे.

बुलबुलांनी मुदतीची वाट पाहिली नाही. त्यांनी ज्येष्ठता क्रमांक एक, चार आणि एकोणीस यांना चोच मारली.

“पिकून फुटायला लागले हो,” लीलावतीबाई रोज सांगत. “मी शब्द देऊन बसले आहे. एवढ्या लोकांसमोर काय, तुमची यादी वाढू?”

“मला का कळत नाही?” नीळकंठरावांचा आवाज खरंच ओला झाला. “वरचेवर टाचण लावतोय मी, ‘तातडीचे’ म्हणून. पण माझ्याच टेबलावर अडलंय, तिथं मी तरी काय करणार?”

रामनवमी उजाडली. मंडपात झांजा वाजू लागल्या, कपाळांवर बुक्का लागला, आणि पूर्वरंगातच बुवांनी शबरीचं आख्यान घेतलं. बुवांचा गळा असा, की पेटीवाला सूर धरायचा विसरावा. शबरी बोरं वेचते, चाखते, गोड तेवढी द्रोणात ठेवते. बुवा थांबले, वीणा छातीशी धरली आणि हळूच म्हणाले, “मंडळी, त्या भोळीनं रानातली बोरं तोडायला कुणाची मंजुरी घेतली होती हो?”

सगळा मंडप हुंदके देऊ लागला. नरहरराव उपरण्याने डोळे पुसत होते. साहेब मराठी नव्हते, तेही पुसत होते. नीळकंठरावांची तर आसवं थांबेनात. बायकांच्या बाजूला लीलावतीबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि आरतीच्या वेळी पहिले हात त्यांनीच जोडले.

दशमीला पहाटे त्यांनी चिठ्ठ्यांसकट सगळी फळं उतरवली. डागाळलेला भाग काढला, बी वेगळं करून राखेत घोळलं, आणि नारळाचं दूध, जिरं, कढीलिंब घालून असं सार केलं, की वास वसाहतीच्या फाटकापर्यंत गेला. एकशे त्रेचाळीस पानं उठली. नागपूरवाल्यांनी ग्वाल्हेरवाल्यांना आग्रह केला. नरहररावांनी चार वाट्या घेतल्या, वर “भाभी, एक और” म्हणत साहेबांसाठी एक मागून नेली. नीळकंठरावांनी तिसऱ्या वाटीला डोळे मिटले आणि “रामा!” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी फाईल उघडली. नवमीची आसवं केव्हाच वाळली होती. त्यांनी लिहिले: ‘उत्पन्न मंजुरीवाचून काढण्यात आले असल्याचे दिसते. उपभोग कोणी घेतला, याची चौकशी आवश्यक.’

एक कागद वसाहतभर फिरला. ‘आपण दशमीस टोमॅटोचे सार घेतले काय? होय/नाही. सही.’ नरहररावांनी लिहिले, ‘नाही. वरण होते.’ साहेबांनी नुसतेच ‘नाही’. ज्या पाच जणांनी पातेलं कलतं करून पळीनं खरवडलं, त्यांनी ‘नाही’ ठळक अक्षरात लिहिले. शेवटी कागद क्वार्टर सतराकडे आला. बावीस वर्षं टाचणीचा हिशेब ठेवलेल्या हाताने टाक बुडवला, आणि मग त्यानेही ‘नाही’ लिहिले.

एकशे त्रेचाळीस जणांपैकी एकाने ‘होय’ लिहिले. ती सही लीलावती पिंपळखुटे अशी होती. त्या शासकीय सेवेत नसल्याने उत्तर ग्राह्य धरता आले नाही.

यावरून शासन अशा निष्कर्षास आले की, ज्याअर्थी टोमॅटो कोणीच खाल्ले नाहीत, त्याअर्थी ते रोपांवरच आहेत. ज्येष्ठात, अंगणात वाळक्या काटक्या उरल्या असताना, मंजुरी आली: तीनशे बारा टोमॅटो ज्येष्ठतेनुसार तीन दिवसांत तोडावेत.

लीलावतीबाईंनी तो जाड कागद उन्हात धरून पाहिला. “पुड्यांना बरा आहे,” म्हणाल्या. त्याचे चौकोन कापून त्यांनी बियांच्या पुड्या बांधल्या. त्या न्यायला आधी नरहरराव आले. “काय सार झालं होतं हो, वहिनी! ते बी आम्हालाच द्या.” मग बाकीचे आले. रांग लावून, ज्येष्ठतेनुसार. लीलावतीबाईंनी एकालाही विन्मुख पाठवलं नाही. शेवटची पुडी नवऱ्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “ही तुमच्या टेबलासाठी.”

एक पुडी अजून शिल्लक आहे. शबरीच्या ठिकाणी आपलेही डोळे भरून आले असतील, आणि सार आवडत असेल, तर ती आपली. फक्त तो फिरता कागद आपल्यापुढे आला असता तर काय लिहिलं असतं, तेवढं खाली लिहून सही करा. घाई नाही. मुदत तीस दिवस आहे.