सापाच्या घरचा स्टाफ

आमच्या शेजारचे वैद्यसाहेब बदामाची वाळलेली पानं ओव्हनमध्ये भाजतात. कुणासाठी, तर किड्यांसाठी. दोह्यात मुळात झाडाला पान धरायचीच मारामार, आणि हे गृहस्थ सकाळी सकाळी कंपाउंडमधल्या एकुलत्या बदामाखाली पिशवी घेऊन उभे.

वैद्य वेस्ट बेमधल्या एका टॉवरची देखभाल सांभाळतात. बायको आजारी आईपाशी पुण्याला अडकलेली, मुलगा निनाद शिकायला कॅनडात. जाताना पोराने आपला पाळीव साप बापाच्या गळ्यात मारला.

सापाची काचेची पेटी साफ करायची वैद्यांना किळस. म्हणून त्यांनी पेटीतल्या मातीत किडे सोडले. ओल्या कुंडीखाली सापडतात ना, बोट लावलं की गोळी होणारे करडे, तेच. ते सापाची घाण खातात, बुरशी खातात, जंतू मारायला भाजलेली ती बदामाची पानं खातात, वास म्हणून येत नाही. वैद्य त्यांना 'स्टाफ' म्हणतात. एकदा आमच्या ह्यांच्या हातून त्यांच्या सोफ्यावर चहा सांडला, तर वैद्य सवयीने म्हणाले, "राहू द्या, स्टाफ बघून घेईल." मी मेली स्वच्छतेची वेडी, त्यानंतर त्या घरचं पाणीही माझ्या घशाखाली उतरेना.

मग त्यांच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या नव्हे, झुरळांसाठी फवारणी ठरली आणि वैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टॉवरमध्ये हेच उभं राहून फवारणी करून घेतात, आणि इथे वॉचमनपुढे हात जोडताहेत. नियम तो नियम. लुसैलच्या एका मित्राने साप ठेवून घेतला, किड्यांना मात्र साफ नाही म्हणाला. शेवटी झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन वैद्य आमच्या दारात.

"वहिनी, दोनच दिवस. बाल्कनीत नको, उन्हाने खलास होतील."

माझ्या हॉलमध्ये किडे! तोंडावर नाही म्हणणार होते, पण माणूस अगदी रडकुंडीला आला होता. डबा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि तिथली फिनेलची बाटली गुपचूप आत नेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, निनादच्या आठवड्याच्या फोनचा वार. वैद्य फोन घेऊन आले, डब्यासमोर स्टूल ओढून बसले. पडद्यावर निनाद. पोरगं इंग्रजीतच बोलतं.

"बाबा, एनी बेबीज?"

वैद्यांनी झाडाच्या सालीचा तुकडा उचलून इवलीशी पांढरी पिल्लं दाखवली. कोण कुठे लपतं, काकडी कुणी संपवली, बापलेकांचं संपेचना. मध्येच निनादने आईचं विचारलं, तुम्ही जेवलात का तेही विचारलं. माझा चहा पार निवला.

फोन झाल्यावर मी विचारलं, साप सोडून हे काय दाखवत बसता?

"साप आठवड्यातून एकदा खातो आणि पडून राहतो. त्याचं काय सांगणार?" वैद्य म्हणाले. "आधी आमचा फोन दोन मिनिटांत खलास व्हायचा. काय बोलावं तेच सुचायचं नाही. हे आहेत म्हणून तो बोलतो, वहिनी."

संध्याकाळी काकडीची फोड डब्यात टाकली आणि उगाच बघत बसले.

वैद्य डबा न्यायला आले तेव्हा मी सांगितलं, सकाळी एकाने कात टाकली, पण मेल्याने अर्धीच.

"मागची अर्धी?"

"मागची."

त्यांचा चेहरा उजळला. आधी मागची टाकतात, मग पुढची, म्हणाले. डबा काखेत धरून घाईघाईने फोन काढला, निनादचा नंबर काढला, आणि थांबले. फोन परत खिशात ठेवला.

"नको," म्हणाले. "शुक्रवारसाठी ठेवतो."