बाळूकाकांचा टकला राजा

बाळूकाका कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यांचा प्रश्न मात्र काही निवृत्त झाला नाही. आमच्या शेणवे गावात कुणाचं लग्न असो की दहावा, समोर दिसेल त्याला ते विचारतात, "सुट्टे हायत का?" माणूस खिशात हात घालतो. लगेच काका म्हणतात, "चालणारे नको. इंग्रजांचे. बंद झालेले."

काका माझे शेजारी. मला या नादाला लावलं तेही त्यांनीच. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर एक काळाकुट्ट पाव आणा ठेवला. "सुरवात तांब्यापासनं करायची. चांदीची घाय नाय." मी तो घरी नेऊन चिंचेनं घासला, लखलखीत केला आणि कौतुकानं दाखवायला घेऊन गेलो. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "शंभर वर्सांचा रंग पाच मिनिटांत घालवलास. आंघोळ माणसानं करायची रे, नाण्यानं नाय."

आमच्याकडे हा घोटाळा घरोघरी होतो. पाहुण्याला वस्तू दाखवायची तर ती स्वच्छ नको? काका ओट्यावर टेकले की घरातली बाई म्हणणार, "थांबा, घासून आणते." आणि काका "नको गो बाय, नको!" करत तिच्यामागे मोरीपर्यंत धावणार.

त्यांचा दुसरा नियम, नाणं विकत घ्यायचं नाही. "विकत घेतलं की दुकान झालं." त्यामुळे त्यांच्या अल्बममध्ये राणीचा रुपया होता, दोन्ही जॉर्ज होते, राणीनंतरचा एडवर्ड राजा तेवढा नव्हता. रुपयावर त्याच्या डोक्याला मुकुट नाही, म्हणून काका त्याला टकला राजा म्हणत. कोणी अल्बम बघायला आलं की काका आधी तो रिकामा कप्पा दाखवत.

शेवटी टकला सापडला तो मुरबाडच्या बाजूला एका पाड्यावर, जनाबाईंच्या देव्हाऱ्यात. दर दिवाळीला चिंचेनं घासून, हळदकुंकू लावून त्या त्याला लक्ष्मी म्हणून पुजत होत्या. राजाचं नाक पार झिजलं होतं. काकांनी ते मुकाट गिळलं. नंतर तीन वर्षं आम्ही तिथे जात राहिलो. काका चहा पीत, नाचणीची भाकरी खात, जनाबाईंच्या गुडघेदुखीवर तासभर बोलत आणि निघताना हळूच विचारत.

"देव कोण मागतं का, भाऊ?" जनाबाई हसून म्हणत.

यंदा भाऊबीजेला त्यांनीच फोन करून बोलावलं. आम्ही गेलो तर त्यांनी सरळ रुपया काकांच्या हातावर ठेवला. "घे. माझं सख्खं भाऊ पण येवढ्यांदा येत नाय. आता देवालाच लाज वाटली."

कडेनं धरून काकांनी तो उन्हात फिरवून फिरवून पाहिला. इतके आनंदलेले काका मी कधी पाहिले नव्हते.

"आलायस तर बस, ओवाळते," जनाबाई म्हणाल्या. पाट मांडला, निरांजन लावलं, टिळा लावून ओवाळलं. आता ताटात काहीतरी घालायचं. काकांच्या खिशात पाचशेची नोट होती, त्यांनी ती घरून निघताना माझ्यासमोरच ठेवली होती. पण काकांनी हातातला रुपया ताटात ठेवला.

"अरे, हा तर तुझा!"

"माझा हाय, म्हणून तर घालतो."

परतताना मी गाडीवर चिडचिड केली. "काका, तीन वर्षं! खिशात नोट होती ना?"

किन्हवली गावाजवळ ते मागून माझ्या कानाशी झुकले. मग म्हणाले, "आमची अक्का जाऊन अकरा वर्सं झाली. तवापासनं मला कोणी ओवाळलं नाय. आज ओवाळलं. त्या ताटात मी नुसती नोट टाकू?"

मी गाडी सावकाश घेतली. आरशात पाहिलं तर टोपी टेकून टिळा पुसला जाईल म्हणून काकांनी ती डोक्यावरून काढली होती. घर येईपर्यंत त्यांनी ती हातातच धरली.