अप्पांचं भाजकं सोयाबीन

आमच्या शेजारचे अप्पा अंड्याला हात लावत नाहीत. गळ्यात लिंग आहे, घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलेलं नाही, आणि परसात मात्र खुराडंभर कोंबड्या आहेत. रोज सकाळी अंडी मी उचलायची आणि मीच न्यायची, असा आमचा इथं मुरुम गावातला करार आहे. बदल्यात मला कोंबड्यांचा खुराक चाखावा लागतो.

अप्पांची पूर्वी डाळमिल होती. ती विकली, पण दाण्यांवाचून हात शिवशिवतात. म्हणून ते कोंबड्यांसाठी चुलीवर सोयाबीन भाजतात. टरफल तडकलं, खमंग वास सुटला की उतरवायचं, गार करून भरडायचं, त्यात मका आणि तुरीची चुणी, म्हणजे डाळीचा चुरा, मिसळायची. मग चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवून विचारायचं, "पचंल का, गुरुजी?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे गंभीर चेहऱ्यानं चावतो आणि "प्रथिनं उत्तम आहेत" म्हणतो. प्रथिनांची चव कशी असते, हे मला अजून ठाऊक नाही.

अप्पा सगळंच भाजण्या-पचण्यावर तोलतात. पुढाऱ्याचं भाषण ऐकलं, "कच्चं हाय." मी एकदा स्वतःची कविता ऐकवली. बराच वेळ विचार करून म्हणाले, "जरा करपली, गुरुजी."

यंदा दिवाळीनंतर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. कोंबड्या माझ्याकडे आल्या. जाताना अप्पांनी बजावलं, "कच्चं घालू नका, अंगी लागत न्हाय. करपवू बी नका, कस जातो."

पहिल्याच दिवशी मी दोन्ही साधलं. दाणे बाहेरून काळे, आतून कच्चे. बायकोनं खिडक्या उघडल्या. कोंबड्यांनी खुराकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नववीचा वर्ग अगदी असाच पाहायचा.

मग रोज दुपारी अप्पांचा व्हिडिओ कॉल येऊ लागला.

"गुरुजी, तुमचं तोंड नको, कढई दाखवा."

मी कढई दाखवायचो.

"हलवा. बोलू नका, हलवा."

शेवटी फोन खुराड्यात धरून मी उकिडवा बसायचो आणि अप्पा पुण्याहून कोंबड्यांना आपल्या घरच्या कानडीत, अदबीनं म्हणायचे, "तिन्नरी, तिन्नरी." खा हो, खा. माझे गुडघे तेवढे माझ्याशी मराठीत बोलायचे.

एके दिवशी दुपारी मी कढईशी झटत असताना अप्पाच दारात उभे. हातात पिशवी.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"न्हाय हो. पोरगा लई चांगला. सून बी. ताट हातात आणून देत्यात." त्यांनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि दाणे हलवू लागले. टरफलं तडकू लागली तेव्हा म्हणाले, "तिथं सगळं बाहेरून येतं. आमच्या हातचं कुणाला लागतच न्हाय."

मी एक विनोद तयार ठेवला होता. तो गिळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या घरी बोलावलं. स्वतःच्या हातानं भाकऱ्या थापल्या होत्या, वांग्याची भाजी होती. "जेवता का?"

मी नुकताच जेवून उठलो होतो. "जेवतो की," म्हटलं आणि बसलो.

अप्पा समोर बसून नुसते माझ्या ताटाकडे बघत राहिले. मी दुसरी भाकरी मागून घेतली, तेव्हा कुठं त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं.