बारावं टूल

बाबाराव सरांच्या घरी मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला आंघोळीचा साबण जरा जपूनच वापरावा लागे. तो टोकदार असे. कधी साठ अंशांचं टोक, कधी एका अंगाने तिरका उतार दिलेला. सर परभणीच्या आमच्या तंत्रशाळेत टर्नरचा वर्ग शिकवायचे, आणि पोराने साबणाच्या वडीत लेथवर लोखंड कापायच्या टूलचा आकार बिनचूक कोरल्याशिवाय त्याला लोखंडाला हात लावू देत नसत. पास झालेले साबण ते पिशवीत घालून घरी न्यायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या की लग्न झाल्यापासून गुळगुळीत साबण फक्त माहेरी गेल्यावरच हाताला लागतो.

सरांचं दुसरं खूळ मोजण्याचं. व्हर्निअर पट्टी सदऱ्याच्या खिशात कायम. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "मोजलंस का ऐकलंस?" जिंतूरची एसटी अर्धा तास लेट आहे म्हणालात, तरी तेच. पुतण्या मुलगी बघून आला आणि उंच आहे म्हणाला, तर त्यालाही भर बैठकीत तेच. आम्ही मास्तर लोक त्यांच्या पाठीमागे पोटभर हसायचो. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

नव्वदनंतरची गोष्ट. शाळेत कॉम्प्युटर आला. आकड्यांच्या हुकमावर आपोआप चालणारं सीएनसी लेथ आमच्याकडे नव्हतं, पण तेच मशीन पडद्यावर लुटुपुटूचं चालवून दाखवणारा प्रोग्रॅम मात्र आला. औरंगाबादला दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो, एवढ्या पुण्याईवर त्या खोलीचा कारभार माझ्याकडे. पडद्यावरच्या मशीनला बारा टूलं लागत. प्रत्येकाचा आकार, लांबी, टोकाची गोलाई आधी भरून ठेवायची. त्या संग्रहाला टूल लायब्ररी म्हणतात. मी एका दुपारी कॅटलॉग उघडून बाराच्या बारा भरून टाकली. सर चपला बाहेर काढून आत आले, पडद्याकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला. कॅटलॉगमध्ये तसं छापलंय, मी म्हणालो.

"म्हंजे ऐकलंस," ते म्हणाले, आणि माझ्याच हातून सगळी पुसून घेतली.

मोजायला ती टूलं आमच्याकडे होती कुठे? मग सरांनी पुण्या-नाशकाच्या कारखान्यांत लागलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं धाडली. तुझ्या हातातलं टूल मोज आणि कळव, एवढाच मजकूर. उत्तरं यायला लागली. चुडाव्याच्या एकाने टोकाची गोलाई कळवली आणि खाली लिहिलं, मुलगी झाली, वजन तीन किलो. काटा कुठला ते लिहिलं नाही म्हणून सर दिवसभर कुरकुरले, पण ते कार्ड काकूंना दाखवायला घरीही घेऊन गेले. प्रत्येक मापासमोर पाठवणाऱ्याचं नाव टाकायचं, असा त्यांचा हुकूम होता. होता होता अकरा जागा भरल्या. बारावी रिकामीच राहिली. ती आतून आटे पाडायच्या टूलची.

तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांना पडद्यावर नट करून दाखवायचा होता. आट्यांशिवाय कसला नट? प्राचार्य माझ्या मागे लागले, मी सरांच्या. "ती मिलिंदची जागा हाय," यापलीकडे सर काही बोलेनात. एकदा त्यांच्या टेबलाचा खण उघडला, तर मिलिंदच्या नावाचं कार्ड सापडलं. पुण्याचा पत्ता पूर्ण, मजकूर पूर्ण, फक्त टपालात टाकलेलं नाही. हे का राहिलं, असं मी विचारलं.

सरांनी खण लावून घेतला. मग त्यांनी सांगितलं. मिलिंद अठ्ठ्याहत्तर सालच्या वर्गातला. आटे पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल उसळली, त्यात त्याची वस्ती जळाली आणि घरची माणसं नातलगांकडे निघून गेली. परीक्षेला महिना उरलेला. तो सरांच्या दारात आला आणि महिनाभर राहू द्या म्हणाला. सरांच्या घरातली मागची खोली रिकामी होती.

"गल्ली काय म्हनंल, ह्याची लय धास्ती घेतली म्या. त्याला म्हनलं, दोन दिस थांब, अंदाज घेऊन सांगतो."

दोन दिवसांनी मिलिंद आला नाही. परीक्षेलाही बसला नाही. पुण्यात कारखान्यात चिकटून आता तो फोरमन झालाय, हे सरांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलं होतं.

मला सरांचा राग आला. खोली द्यायला पाहिजे होती सर, असं मी तोंडावर बोललो. ते नुसते "हो" म्हणाले. मग माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आले.

पंधरवड्याने उत्तर आलं. बाकीच्यांच्या कार्डांवर मापांखाली पोरंबाळं, पाऊसपाणी, काकूंना नमस्कार असं सगळं असायचं. ह्या कार्डावर टूलची सुबक आकृती, दोन दशांश स्थळांपर्यंत मापं आणि खाली सही. मी माप भरलं, समोर मिलिंदचं नाव टाकलं आणि मशीन चालवलं. पडद्यावर नटाला आतून सुरेख आटे पडले. मी खूश होऊन वळलो, तर सर कार्ड उलटून पत्त्याची बाजू वाचत होते, मग पुन्हा आकृतीची.

"बाकी काही लिहिलं नाही?" मी विचारलं.

"लिहावं असं काय केलं म्या त्याचं?"

त्यांनी पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि माझं पेन मागून घेतलं. "आता माप मागायचं न्हाई," ते म्हणाले, आणि मला जरा बाहेर थांबायला सांगितलं. मी व्हरांड्यात जाऊन दाराशी उभा राहिलो आणि तासभर कुणाला आत जाऊ दिलं नाही.