तेवीसशेचा चेक आणि कोरडा नळ

चेक लिहावा तर मीच! अक्षरं मी उशिरा शिकलो, त्यामुळे एकही घाईनं काढत नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. काटकोनाचा गुण्या लावून चौकट बसवावी, तसा चेकवर एकेक आकडा बसवतो. आमची ही म्हणते, "अहो, हल्ली भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते." घेऊ दे! टिंग वाजलं की पैसे गेले, हा काय व्यवहार झाला?

तर गेल्या सोमवारी आमच्या न्हाणीघरातला मुख्य कॉक निखळला आणि घरात कारंजं सुरू झालं. प्लंबर धावत आला. पाइपाच्या तोंडाला बूच मारून म्हणाला, "काका, कॉक नवा लागेल. सामान आणि मजुरी मिळून तेवीसशे. सामानाला माझ्याकडं आज दमडी नाही. पैसे जमा झाले की तासाभरात बसवतो. तोवर पाणी बंद!"

"थांब, फोनवर पाठवते," ही म्हणाली.

"मी घरात असताना?" मी गरजलो आणि कपाटातून चेकबुक काढलं.

प्लंबरनं हात विजारीला पुसले. दोन बोटांत चेक धरून उजेडात पाहिला. "माझ्या आजोबांकडं होता असला एक," म्हणाला.

"दोन दिवस बघते," ही म्हणाली. "बुधवारी दुपारपर्यंत नळाला पाणी आलं नाही, तर मी चालले बहिणीकडं! आंघोळ तिथंच, मुक्कामही तिथंच!"

मंगळवारी प्लंबर तोंड पाडून परत आला. "काका, बँकेतली बाई म्हणते, यावर शिक्का उठत नाही."

मी चेक हातात घेऊन पाहिला. पठ्ठ्यानं त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून आणलं होतं!

"अरे, हे काय केलंस?"

"माझे हात दिवसभर पाण्यात, काका! एवढा देखणा कागद भिजला असता तर? पदरचे पन्नास घातले!"

आता याला रागवायचं की याची पाठ थोपटायची? दुसरा चेक लिहिला. "हा असाच न्यायचा," मी बजावलं. "बँकेत भिंतीला पेटी आहे. तिच्यात टाकायचा आणि यायचं. कुणाशी एक शब्द बोलायची गरज नाही!"

बुधवारी सकाळी बँकेतून फोन. "आजोबा, तुमची तक्रार मिळाली. पण नुसतं तेवीसशे लिहिलंय. नेमका त्रास काय झालाय?"

चेकची पेटी त्यांनी कधीच काढून टाकली होती. भिंतीवर उरली होती ती तक्रारपेटी! आणि प्लंबर माझ्या शब्दाला जागून, कुणाशी एक शब्द न बोलता, तिच्यात चेक टाकून आला होता.

पलंगावर हिची बॅग उघडी होती. साड्या आत चालल्या होत्या. "मी आलोच!" असं ओरडून मी निघालो.

काउंटरवरच्या पोरीनं चेक उलटा केला, सुलटा केला. "आजोबा, हे अजून मिळतात?" तिनं आतून एका म्हाताऱ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला. "वा! काय तिरक्या रेघा ओढल्यात!" मला तर त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं.

स्लिपवर प्लंबरचा खातेनंबर हवा होता. फोन लावला. मागं धो धो पाण्याचा आवाज. "काका, कामात आहे," म्हणत त्यानं भराभर नंबर सांगितला. मनात म्हटलं, बघा, लोकांकडं धबधबे आणि माझ्याकडं बूच!

साहेबांनी धाडकन शिक्का मारला. "तुमचं आणि प्लंबरचं, दोन्ही खाती इथलीच आहेत. अर्ध्या तासात जमा!"

छाती पुढं काढून घरी आलो. पाहतो तर प्लंबर चहा पितोय, हिचे केस ओले आणि नळ धो धो वाहतोय!

"हे कसं काय?"

"काकूंनी पाठवले ना पैसे फोनवर! तुम्ही जिना उतरत होतात तेव्हाच."

तेवढ्यात त्याचा फोन टिंग वाजला. "काका, परत तेवीसशे आले! हे कसले?"

"चेकचे!" मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.

माणूस सचोटीचा. लगेच परत करतो म्हणाला. पण माझ्या फोनवर ती सोयच नाही! मग टिंग वाजलं ते हिच्याच फोनवर.

"झालं!" ही म्हणाली. "माझे मला मिळाले, तुमचे प्लंबरला गेले. पण तुमच्या चेकच्या भरवशावर असते, तर मी आत्ता बहिणीकडं असते."

मी टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेलो.

दोन दिवसांनी मात्र हिला भाजी आणायला पाठवून मी गुपचूप बँकेत गेलो. त्या पोरीच्या कानाशी लागून म्हणालो, "पोरी, ते टिंग माझ्याही फोनवर वाजेल का गं?"

"वाजेल की, आजोबा! हा फॉर्म भरा. आणि सोबत एक चेक जोडा, रद्द केलेला."

लिहिला. ठळक अक्षरांत, अगदी मधोमध, 'रद्द'. माझा इतक्या झटपट पास झालेला चेक तो एकच!