पेटीत पडलेली अंगठी

जुगारात जिंकावं कसं, हे मला कोणी विचारू नये. पण जिंकल्यावर माणसानं वागावं कसं, यात अख्ख्या खोऱ्यात माझ्याएवढा जाणकार सापडायचा नाही! असं मी गेली सदतीस वर्षं गेर्लिंडेला सांगत आलो होतो. त्या सदतीस वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी. ज्ञान आणि अनुभव या दोन स्वतंत्र चिजा आहेत.

मी चर्चमधले ऑर्गन सुरात लावणारा माणूस. चार हजार नळ्यांतली एक नळी केसभर उतरली तरी माझ्या कानाला झोंबते. आता मी निवृत्त झालोय, कान झालेला नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, म्हणजे एकोणीस जूनला, आम्ही दोघं दर वर्षी शेजारच्या गरम झऱ्यांच्या गावी जातो. सकाळी कुंडात डुंबायचं आणि दुपारी चारला कॅसिनोत जाऊन रूलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या चक्राच्या टेबलावर एकोणीस या आकड्यावर वीस युरोंची एक चकती लावायची. ती हरायची, "आभारी आहे" म्हणायचं आणि केक खायला जायचं. देवाला हे चालत असावं. निदान आजवर त्यानं तक्रार केलेली नाही.

आता जिंकल्यावरची रीत. चक्र फिरवणाऱ्याच्या हातावर कोणी पैसे ठेवत नाही. त्यानं घेतले तर त्याची नोकरी जाते. आकडा लागला की आपण एक चकती पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "कर्मचाऱ्यांसाठी!" तो ती टेबलावर दोनदा ठोकतो, "कर्मचाऱ्यांच्या वतीनं आभार!" म्हणतो आणि टेबलाच्या फटीतून खालच्या पेटीत सोडतो. कोट सांभाळणाऱ्या बाईपासून दालनाच्या प्रमुखापर्यंत सगळ्यांची चूल त्या पेटीवर पेटते. जो जिंकून चकती देत नाही त्याच्याकडे लोक असे बघतात, जणू त्यानं चर्चच्या दानाच्या थाळीत सदऱ्याचं बटण टाकलंय!

तर अडतिसावा वाढदिवस उजाडला. गरम पाण्यात गेर्लिंडेचं बोट सुजलं.

"फोल्कमार, अंगठी रुतायला लागली रे. साबण आण."

साबण लावून, फुंकर घालून, एक-दोन अपशब्द खर्चून अंगठी निघाली. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली, तारेएवढी बारीक. दोन बाळंतपणांत तिनं ती काढली नव्हती. तिची आई गेली त्या दिवशी दिवसभर ती हीच अंगठी बोटावर गोल गोल फिरवत बसली होती.

"जाकिटाच्या खिशात ठेव," ती म्हणाली. "आणि त्या खिशात दुसरं काही कोंबू नकोस."

"गेर्लिंडे! मी चार हजार नळ्या सांभाळल्यात!"

"त्या भिंतीला बोल्टांनी आवळलेल्या होत्या."

चार वाजता आम्ही टेबलाशी उभे राहिलो. चक्रावर टिलमानसाहेब होते, आमच्या भाषेत हेर टिलमान. चेहरा इस्त्रीचा, बोटं पियानोवाल्याची. मी चकती एकोणीसवर ठेवली आणि सवयीनं केकचा विचार करू लागलो. चक्रातली गोळी फिरली, तिनं उड्या मारल्या आणि ती एका खाचेत बसली.

"एकोणीस!" हेर टिलमान म्हणाले.

मी वळून गेर्लिंडेला म्हणालो, "चल, हरलो."

"अरे, एकोणीस म्हणतायत ते!"

सातशे युरोंच्या चकत्या माझ्यापुढे आल्या. मी त्या दोन्ही हातांनी ओढल्या आणि हृदयाजवळ म्हणून जाकिटाच्या खिशात कोंबल्या. काय बोलायचं असतं, काय द्यायचं असतं, सगळं डोक्यातून साफ! सदतीस वर्षांचं ज्ञान, आणि ऐन वेळी पंडित मुका! शेजारची मोत्यांच्या माळेची म्हातारी दुसरीकडे बघत म्हणाली, "काही लोकांची मूठ जन्मतःच शिवलेली असते."

घामानं मी ओला झालो. त्या घामात आकड्यावरची मूळ चकती उचलायचंही राहिलं. गोळी पुन्हा सुटली.

"एकोणीस!"

आता अख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी ठरवलं, मागची बाकी चुकती करायची, आणि अशी की म्हातारीचे मोती गळून पडावेत! खिशात हात घातला, हाताला लागल्या तेवढ्या चकत्यांची चळत काढली, टेबलावर आपटली आणि ऑर्गनच्या सगळ्यात जाड नळीच्या आवाजात गर्जलो, "कर्मचाऱ्यांसाठी!"

हेर टिलमाननी चळत दोनदा ठोकली. "कर्मचाऱ्यांच्या वतीनं आभार!" चकत्या फटीतून गेल्या. ठक, ठक, ठक, आणि मग... टिंग!

"ऐकलंस?" मी गेर्लिंडेच्या कानात म्हणालो. "पेटीसुद्धा खूश झाली! वरचा पंचम, अगदी शुद्ध!"

मंडळी, हा माझा कान!

केकच्या दुकानात गेर्लिंडेनं चेरी संपवली, बोट हलवून पाहिलं आणि हात पुढे केला. "सूज उतरली बघ. दे आता."

मी खिशात हात घातला. चकत्या होत्या. आणखी खोल घातला. शिवण लागली. दुसरा खिसा, तिसरा खिसा, पँटचा, कोटाचा... आणि मग माझ्या डोक्यात तो वरचा पंचम पुन्हा वाजला. टिंग.

"चेहरा असा का झालाय? केक बाधला का?"

"जरा... जाऊन येतो," म्हणून मी जो सुटलो तो थेट टेबलाशी.

"हेर टिलमान," मी पुटपुटलो, "मघाशी मी चुकून थोडं जास्तच दिलं."

मोत्यांच्या म्हातारीनं चष्मा लावला.

"आपल्याला बक्षीस परत हवंय?" हेर टिलमाननी विचारलं. त्यांच्या इस्त्रीला पहिली सुरकुती पडली.

"छे छे! सगळं नको. एकच."

"कितीची होती?"

"तिची किंमत सांगता यायची नाही."

"रंग कोणता?"

"पिवळा."

"पिवळी पाचशेची असते. आपण पाचशेची दिली नव्हती."

"गोल आहे हो! बारीकशी. मधोमध भोक आहे."

"आमच्या चकत्यांना भोकं नसतात," हेर टिलमान अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले. "पाणी आणू का आपल्याला?"

अंगठी हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. निघाला की ती खरंच गेली, असं वाटत होतं. शेवटी दालनाच्या प्रमुख ब्रोकहोफबाई, म्हणजे फ्राऊ ब्रोकहोफ, आल्या, मला कोपऱ्यात नेलं, आणि तिथं मी सगळं ओकलो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि महसूल खात्याच्या माणसाला बोलावलं. आमच्याकडे कॅसिनोत सरकार सतत हजर असतं. त्या दिवशी सरकारचं नाव होतं हेर विटेकिंड आणि त्याच्या बगलेत फायलींचा गठ्ठा होता.

"पेटीला दोन कुलपं," हेर विटेकिंड म्हणाले. "एक किल्ली यांच्याकडे, एक माझ्याकडे. उघडणार उद्या सकाळी दहाला."

"पण अंगठी माझ्या बायकोची आहे!"

"होती. आपण ती सर्वांदेखत, मोठ्यानं दिलीत. त्यांनी घेतली, वर आभारही मानले. आता ती ब्याऐंशी कर्मचाऱ्यांची आहे."

"ब्याऐंशी जण एक अंगठी घालणार कशी?"

"घालायची नसते. वाटायची असते. पदाप्रमाणे."

"मला बारा हिस्से येतात," फ्राऊ ब्रोकहोफ ओशाळून म्हणाल्या. "पण देवाशप्पथ, मला नकोत हो!"

"आपल्या हवं-नकोचा प्रश्न नाही, बाई. सगळ्यांची संमती लागेल. लेखी."

"संमती कशाची? कुणाची अंगठी?"

मागून आवाज आला. गेर्लिंडे! हातात माझी टोपी. केकच्या दुकानात विसरलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"माझी?"

गेर्लिंडे रागावली की बोलते. खूप बोलते, आणि मी सुखात असतो. दुखावली की ती गप्प होते. ती गप्प झाली.

आम्ही त्याच गावी खोली घेतली. सूप आलं, ते गार झालं. ती खिडकीशी बसून अंगठ्यानं ते रिकामं बोट चोळत होती. अडतीस वर्षांची पांढरी खाच तिथं उमटली होती, आणि त्या खाचेकडे मला बघवेना. मी मनात म्हटलं, देवा, दोन्ही डावांचे मिळून ते चौदाशे युरो तुझे. माझी तेवढी अंगठी दे. देव सौदे करत नाही हे आमचे पाद्रीबाबा नेहमी सांगतात. मी तरी रक्कम दोनदा सांगितली.

सकाळी दहाला गेलो तर हिशेबाची खोली माणसांनी भरलेली! फ्राऊ ब्रोकहोफनी रात्रीतूनच फोन फिरवले होते. स्वयंपाक्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या. एक जण समुद्रकिनारी सुट्टीवर होता, त्यानं तिकडून पाठवली. एकीची सही तर थेट प्रसूतिगृहातून आली होती, अक्षर जरा वाकडं.

पेटी उघडली. चकत्यांच्या ढिगातून हेर टिलमाननी ती तार अलगद उचलली. गेर्लिंडेचा हात आपोआप पुढे झाला.

"थांबा!" हेर विटेकिंड म्हणाले. "परकीय वस्तू. आधी ओळख पटवायची. आत काही कोरलंय. मालकानं मजकूर सांगावा. चुकला तर 'मालक अज्ञात'. मग सहा महिने सरकारी कपाटात, आणि नंतर लिलाव."

हात्तिच्या! एवढंच? मी छाती पुढे काढली. "'फो. आणि गे.' आणि लग्नाची तारीख, एकोणीस जून!"

हेर विटेकिंडनी भिंग लावलं. अंगठी उजेडात फिरवली. पुन्हा फिरवली.

"अक्षरं बरोबर. तारीख चूक."

"शक्यच नाही! अडतीस वर्षं मी—"

"तारीख चूक," ते म्हणाले आणि फायलीतून सरकारी कपाटाचा कागद काढायला लागले. माझ्या स्वतःच्या अंगठीत बघावं, तर ती तीस वर्षांपूर्वीच माझ्या बोटाच्या चरबीत गडप झालेली. मला ब्रह्मांड आठवलं.

"सोळा जून," गेर्लिंडे म्हणाली. कालपासूनचे तिचे पहिले शब्द.

भिंग पुन्हा खाली गेलं. "बरोबर. सोळा."

"पण एकोणीस!" मी ओरडलो. "गेर्लिंडे, मला डोळ्यांसमोर दिसतंय! वेदीशेजारी, मोठ्ठं, पांढरं, एकोणीस!"

"ते स्तोत्र होतं रे," ती म्हणाली. "एकोणिसावं स्तोत्र गायचं होतं ना, त्याचा आकडा फळीवर लावला होता. तू घाबरून सगळा वेळ त्या फळीकडेच बघत होतास. माझ्याकडे एकदासुद्धा नाही."

खरंच की हो! पाद्रीबाबांनी त्या दिवशी अर्धं प्रवचन गाऊन सांगितलं होतं. आकाश देवाचा महिमा गातं, दिवस दिवसाशी बोलतो, रात्र रात्रीला सांगते. त्याची चाल, त्यातली प्रत्येक हरकत मला आजही पाठ आहे. तारीख तेवढी सोडून!

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षी सोळाला वाट बघितली. तू आलास, जेवलास, झोपलास. तीन दिवस मी रडले. आणि एकोणीसला तू दारात! हातात फुलं, आणि चेहरा असा, जणू अख्ख्या जगात लग्नाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा नवरा तू एकटाच. म्हटलं, राहू दे. तीन दिवसांनी का होईना, येतो तर."

"आणि दर सोळाला?"

"दर सोळाला मी एकटीच चर्चमध्ये जाऊन बसते थोडा वेळ. मग घरी येऊन तुला बटाटे उकडते."

नुसते उकडलेले बटाटे आमच्याकडे आजारपणात खातात. मला इतकी वर्षं वाटायचं, जूनच्या मध्यावर तिचं पोट बिघडतं!

फ्राऊ ब्रोकहोफनी नाक शिंकरलं. हेर विटेकिंडनी कागदावर शिक्का मारला. उलटा मारला, मग पुन्हा सुलटा मारला. मी अंगठी घेतली आणि त्या सगळ्यांसमोर तिच्या बोटात घातली. ह्या वेळी फळीबिळी काही नव्हती. तिच्याकडेच बघत होतो. त्यामुळे आधी चुकीच्या बोटात गेली.

"खरं सांगू?" हेर टिलमान म्हणाले. "तारीख नीट लक्षात असती तर आपण सोळावर लावलं असतं. आणि काल दिवसभरात सोळा एकदाही आला नाही."

मी सगळ्या चकत्या काढल्या आणि हेर टिलमानच्या पुढ्यात ठेवल्या.

"थांब," गेर्लिंडे म्हणाली. तिनं चकत्या एकेक करून बोटानं वेगळ्या केल्या, माझा खिसा बाहेर काढून झटकला, आणि मगच मान हलवली. "आता म्हण."

"कर्मचाऱ्यांसाठी," मी म्हणालो. ह्या वेळी अगदी बारीक नळीच्या आवाजात.

हे झालं गेल्या वर्षी. यंदा मी कुठलीही जोखीम घेतली नाही. रोज एक पान फाडायच्या दिनदर्शिकेत सोळा जूनच्या पानावर लाल शाईनं गोल करून ठेवला, चष्म्याच्या घरात चिठ्ठी ठेवली, पाद्रीबाबांनाही आठवण करायला सांगून ठेवलं. फुलं घेतली, केस विंचरले आणि सकाळी सकाळी ऐटीत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

गेर्लिंडेनं फुलं घेतली, वास घेतला, माझा गाल कुरवाळला.

"सुरेख आहेत," ती म्हणाली. "दिनदर्शिकेचं कालचं पान फाडायचं राहिलं तेवढं. पण सुधारणा आहे हं, फोल्कमार. यंदा एकच दिवस उशीर!"