लिंबाजीरावांची डावी मिशी

लिंबाजीरावांची मिशी उजवीकडे भरघोस आणि डावीकडे विरळ होती. परतुरात नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, काहीतरी कातडीचा आजार असावा. मलाही तसंच वाटलं होतं. खरी गोष्ट अशी, की डाव्या मिशीचे केस ते चिमट्याने उपटत, बांबूच्या बारीक कामटीला दोऱ्याने बांधत आणि त्या कुंचल्याने सैनिकांचे डोळे काढत. सैनिक करंगळीच्या पेराएवढा, त्याचं डोकं तुरीच्या दाण्याएवढं, आणि त्यात दोन डोळे.

"खारीचा केस लिबलिबीत, शेळीचा जाड. मिशीचा केस बराबर," असं त्यांचं संशोधन होतं.

"मग उजवीकडचे का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"उजवी गावासाठी ठिवली, सर. निम्मं तरी तोंड लोकांना दाखवावं लागतं."

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. ते जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर काळ्या रंगाने नंबर टाकायचे. दिवसभर हातभर लांबीचे आकडे काढून आलेला माणूस संध्याकाळी खिडकीशी बसून सैनिकांच्या पापण्या रंगवायचा. मूलबाळ नव्हतं. बायको, द्वारकाबाई, देवभोळी आणि तोंडाने फटकळ. "सासूचं श्राद्ध इसरतील, पण त्या मुडद्यांचे डोळे न्हाई इसरायचे," असं ती सांगायची, ते अगदी खरं होतं.

हे सैनिक या पृथ्वीवरचे नव्हते. आष्टीचा मधुकर म्हणून त्यांचा शाळासोबती होता. आष्टीत विहिरीपलीकडे पोहायला पाणी नाही, आणि हा गडी मालवाहू जहाजावर खलाशी झाला! त्याने कुठल्याशा बंदरातून दोन खोकी आणली. प्रत्येकात शिशाचे आणि प्लास्टिकचे बिनरंगी सैनिक, चाकांवाचून तरंगणारे रणगाडे, आठ पायांच्या, शिंगं असलेल्या तोफगाड्या. शिवाय फासे आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक. लढाई पुढच्या कुठल्यातरी युगात, दुसऱ्याच एका ग्रहावर चाललेली. एक फौज लिंबाजीरावांची, एक मधुकरची. दोघांनी आपापली रंगवायची, मग टेबलावर समोरासमोर मांडायची, टेपाने अंतर मोजून पुढे सरकवायची आणि कोण पडलं ते फाशांवर ठरवायचं.

पुस्तक वाचून सांगायला त्यांनी मला धरलं आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली. पुस्तकात एवढंच होतं, की फौज रंगवलेली असली तर खेळाला जास्त मजा येते. पण मी पडलो मास्तर. कडक आवाजात सांगून टाकलं, "रंगवल्याशिवाय फौज मैदानात उतरवू नये." लिंबाजीरावांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हंजे रंग न्हाई त रण न्हाई." पुढे नऊ वर्षं मी हे वाक्य ऐकलं.

कारण ती फौज काही रंगवून होईना. पहिल्या वर्षी त्यांनी रणगाड्यांना मागून एमएच-एकवीसच्या नंबरप्लेटा काढल्या आणि पुढे लिंबू-मिरची. परग्रहावर आरटीओ कुठून येणार, असं मी म्हणालो. "गाडी म्हणल्यावर नंबर पायजे. उद्या कोणाला उडवून पळाली त कोण धरंल?" दुसऱ्या वर्षी तोफगाड्यांच्या शिंगांना, पोळ्याला बैलांच्या लावतात तसा, लालभडक हिंगूळ लावला. चांगल्या दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या पायाखाली डिंकाने परतूरची काळी माती चिकटवली. मधुकर दिवाळीला आला आणि सहज बोलून गेला, की त्या ग्रहावरची माती तांबडी असते. झालं. पुढचं अख्खं वर्ष काळी माती खरवडण्यात आणि चाळलेला मुरूम चिकटवण्यात गेलं.

मधुकर दर दिवाळीला यायचा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आष्टीहून सकाळच्या गाडीने हजर. जहाज सोडून तो कायमचा गावी परतल्यावरही हा रिवाज मोडला नाही. उंच, काळासावळा, सतत हसणारा माणूस. दारातूनच ओरडायचा, "लिंब्या, झालं का रे?"

"डोळे राह्यलेत."

"किती?"

"थोडेच. पुढल्या दिवाळीला बिलकुल मांडू."

मग दोघं दिवसभर खिडकीशी बसायचे. एक रंगवायचा, दुसरा बघायचा. जेवण, चहा, शाळेतल्या मास्तरांच्या नकला. संध्याकाळच्या गाडीला लिंबाजीराव त्याला सोडायला जायचे आणि परतल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. द्वारकाबाई म्हणायची, "माहेराला जाऊन आल्यावर माझं बी असंच होतं." मला वाटायचं, हा माणूस नुसता चिकित्सक आहे, हातातलं काम संपवायची अक्कल नाही. एकदा चिडून बोललोही तसं. ते हसले फक्त.

तोवर त्यांची डावी मिशी जवळजवळ संपली होती आणि उरलेले केस पांढरे झाले होते. पांढरा केस ताठ असतो, रंग धरत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

नवव्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात आष्टीहून निरोप आला. मधुकर छातीत कळ येऊन गेला. लिंबाजीराव मातीला जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले. मी तिथेच दाढीसाठी थांबलो होतो.

"मिशी काढ," ते म्हणाले.

आमच्याकडे बाप गेला, वडीलधारं कुणी गेलं, तरच माणूस मिशी उतरवतो. न्हाव्याचा हात थांबला. "कोण गेलं, लिंबाजीराव?"

"भाऊ."

त्यांना भाऊ नव्हता, हे न्हाव्याला ठाऊक होतं. पण तो समजूतदार निघाला, पुढे काही विचारलं नाही. लिंबाजीरावांनी हनुवटीखाली वर्तमानपत्राचा तुकडा धरला. "उजवीचे केस खाली पडू देऊ नको," एवढंच बोलले. पुडी बांधून खिशात घातली आणि उघड्या ओठाने रस्त्याने घरी गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेराव्यानंतर मधुकरची बायको आली. बरोबर ते दुसरं खोकं. लिंबाजीरावांनी झाकण उघडलं. आतली फौज रंगवलेली होती. अगदी ओबडधोबड, जहाजाच्या लोखंडाला फासतात तसला जाड निळा रंग. सगळे सैनिक, सगळ्या गाड्या. डोळे मात्र एकालाही नव्हते.

"पहिल्याच वर्षी रंगवून ठिवल्ते त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "डोळे तेवढे ठिवले. म्हणायचे, डोळे लिंब्याच काढंल. त्याचं होऊ द्या अगुदर."

लिंबाजीरावांनी खोकं खिडकीशी नेलं. त्यांनी पुडी सोडली, उजव्या मिशीतले काळे केस निवडून कुंचला बांधला आणि मधुकरच्या फौजेचे डोळे काढायला घेतले. स्वतःच्या फौजेला ज्यांना नऊ वर्षं पुरली नव्हती, त्यांनी ते काम महिन्याभरात उरकलं, वर आपल्या फौजेचे राहिलेले डोळेही काढून टाकले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन्ही फौजा मांडल्या होत्या. "मध्याच्या बाजूनं तुम्ही बसा, सर. पण पळपुटेपणा न्हाई करायचा. मध्या मागं सरणारा गडी नव्हता."

मी पुस्तक उघडून फासे टाकत गेलो. नंबरप्लेटवाले रणगाडे पुढे आले, निळ्या सैनिकांनी ते उडवले. हिंगुळाच्या शिंगांच्या तोफगाड्या पडल्या. पाऊण तासात लढाई संपली. मधुकर जिंकला होता.

लिंबाजीराव टेबलाकडे बघत राहिले. "एवढंच होतं का, सर?"

मला राहवेना. मी म्हणालो, "लिंबाजीराव, माझं चुकलं. पुस्तकात तसा नियम नव्हता. बिनरंगाची फौजही चालली असती."

"ठाव होतं मला. मध्यानं पहिल्याच दिवाळीला सांगितलं होतं."

"मग नऊ वर्षं का लांबवलंत?"

त्यांनी एक निळा सैनिक उचलला, त्याला लागलेली धूळ झटकली आणि तो कापसात ठेवला.

"डाव सरला असता, तं मंग मध्या कशाला आला असता, सर? तेवढ्यासाठीच तर येत होता." मग स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, "फेरडाव मांडता आला असता की. हे कसं ध्यानात आलं न्हाई मला?"